सरांचा अंगठा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

म्हापशाहून दुपारी तीनला परत आलो. पोरांना ज्याच्या त्याच्या घरी उतरवलं आणि तेव्हापासून पडवीत बसून आहे. बायकोने, दीपिकाने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाली, "कोण मेलां-बिलां काय? तोंड बगा आरशात." कुणी मेलं नाही बाई. कार्यक्रम चांगला झाला. फार चांगला झाला, तेच तर झालं.

महिनाभर मीच ढोल पिटत होतो की आर्मिंदा परेरा म्हापशात गिटार वाजवणार आहे, मडगावची बाई, परदेशात वाजवून आलेली, असं ऐकायला पुन्हा मिळणार नाही. सात पोरांच्या आईबापांना पटवलं, जीप ठरवली, पहिल्या रांगेमागे जागा धरली. बाईपासून आम्ही दहा हातांवर. साठीची, जाडजूड, साधा निळा झगा, नाकावर घसरणारा चष्मा. बाजारात भेटली असती तर चोणक माशाचा भाव विचारते आहे असं वाटलं असतं.

मी अठ्ठावीस वर्षं गिटार वाजवतो. दिवसा हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक, म्हणजे परीक्षानळ्या धुणारा, आणि रविवारी सकाळी आमच्या पडवीत 'सर'. दोडामार्गात दुसरं कोणी शिकवणारं नाही. तेव्हा पहिली पाच मिनिटं मी जाणकारासारखा बसलो होतो. हा तुकडा आपल्याला येतो, हा येत नाही पण येईल, असं मनात चाललेलं. मग तिने ती चाल काढली. खाली जाड तारेवर सावकाश एक गाणं आणि वर बारीक तारेवर न थांबता थरथरणारा सूर.

हे मी पोरांना दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर ऐकवलं होतं. सर, कसं वाजवतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की दोन गिटारी आहेत, दोन माणसं. ठासून सांगितलं. मला तसंच वाटत होतं, आईशपथ.

चंदन माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "सर, दुसरी गिटार खंय आसा?"

बिचाऱ्याने खरंच विचारलं, खवचटपणा नव्हता. बाकीचे वळून माझ्याकडे बघत होते. एकटी अक्षया बघत नव्हती. तिचे डोळे बाईच्या हातावर. मी माझा डावा हात खिशात घातला, का ते माहीत नाही.

लोक उठून टाळ्या वाजवत होते. मीही उठलो. मला मात्र बाहेर जाऊन जीपमध्ये बसावंसं वाटलं. आनंद व्हायला हवा होता ना? ज्या गोष्टीवर जीव आहे ती एवढी सुंदर समोर बघायला मिळाली. शेजारचा माणूस, ज्याने आयुष्यात तार छेडली नसेल, तो रडत होता आनंदाने. मला त्याचा राग आला.

नंतर पोरं फोटोला गेली. बाईने विचारलं, तुमच्यात कोण वाजवतं? सगळ्यांनी अक्षयाला पुढे ढकललं. धुऱ्यांची अक्षया, दहावीत आहे, बाप गणपत रबराच्या मळ्यात झाडं छिलून चीक काढतो. माझ्याकडची सगळ्यात चांगली. बाईने स्वतःची गिटार तिच्या मांडीवर दिली. पोरीने दोन मिनिटं वाजवलं. बाईने तिचं मनगट धरून हात उलटसुलट केला आणि कोंकणीत म्हणाली, "हात बरो आसा गो तुजो. पूण आंगठो कोणें शिकयलो?"

"आमच्या सरांनी," अक्षया केवढ्या अभिमानाने म्हणाली.

बाई माझ्याकडे बघून हसली. नुसतंच "बरें" म्हणाली आणि माझा नंबर मागून घेतला.

११ नोव्हेंबर

शाळेतून आल्यावर आरशासमोर गिटार घेऊन बसलो. माझा डावा अंगठा गिटारीच्या मानेवरून पुढे येतो, कोयत्याची मूठ धरावी तसा. बाईचा मागे असतो, दिसतसुद्धा नाही. अंगठा असा आवळला की करंगळी लांब पोचतच नाही. अठ्ठावीस वर्षं माझी करंगळी नुसती पाहुण्यासारखी बसून आहे आणि मला वाटायचं, ती जन्मतःच कमजोर आहे.

पुस्तकावरून शिकलो. पुस्तकातल्या चित्रात गिटारीची मागची बाजू दिसत नव्हती.

आता दुसरी गंमत. माझ्याकडे आजवर शिकलेली सगळी पोरं डोळ्यांसमोर आणली. एकूण एक पोराचा अंगठा वर.

१७ नोव्हेंबर, रविवार

क्लास घेतला. स्वतः गिटार हातात घेतली नाही, खांदा दुखतो म्हणून सांगितलं. खांदा ठणठणीत आहे.

अक्षया पहिल्यापासून चुळबुळत होती. शेवटी बोलली. "सर, मी अंगठो मागे घेऊन बगलंय. करंगळी पोचता. पण बाकीचा सगळां विसारतंय."

मी म्हटलं, एकदम काही बदलू नकोस, हात बिघडतो, बसवलेलं सगळं जाईल. ती लगेच "बरां" म्हणाली आणि अंगठा पुन्हा वर घेतला. एका शब्दावर. पोरगी गुणी आहे यात शंका नाही.

मी सांगितलं ते बरोबर होतं का? घाईने बदल करू नये, हे कुठल्याही कलेत खरंच आहे. हो, बरोबरच होतं.

२ डिसेंबर

पंधरा दिवस गिटार खुंटीवर आहे. दीपिका झाडताना तिच्यावरची धूळ झाडते आणि माझ्याकडे बघते.

मोबाइलवर मोठमोठे वाजवणारे बघत बसतो. पूर्वी हे बघितलं की हुरूप यायचा. मोबाइलवर बरं असतं, माणूस मनाची समजूत घालू शकतो की कॅमेऱ्याची करामत असेल, वेग वाढवला असेल, दहा वेळा वाजवून एकदा दाखवलं असेल. दहा हातांवरून बघितल्यावर कसली समजूत घालणार? तिने घाम पुसला, तार जुळवली, खोकली आणि वाजवलं. माणूसच आहे. देव असती तर मला काही वाटलं नसतं.

मला वाटत होतं, मीपण तोच आहे, फक्त थोडा मागे आहे. त्याच रस्त्यावर, चार-पाच वळणं मागे. आता कळतं की तो रस्ताच वेगळा होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी हे कळून करायचं काय?

गणपतीत वाडीवरच्या भजनात मी गिटार घेऊन बसतो तेव्हा बुवा कौतुकाने सांगतात, "आमचो कौस्तुभ गवस म्हणजे काय समाजलास!" आता तेसुद्धा कानाला नको वाटतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

परेरा बाईंचा फोन आला. मी हात धुऊन फोन घेतला, वेड्यासारखा.

वाटलं होतं, माझ्याबद्दल काही विचारतील. त्यांनी माझं नावसुद्धा दुसऱ्यांदा विचारलं. सगळं बोलणं अक्षयाबद्दल. म्हणाल्या, जूनपासून पोरीला मडगावला माझ्या घरी ठेवा. माझ्याकडे आणखी दोन मुली राहतात, शाळा पाच मिनिटांवर आहे, अकरावी तिथे करेल, सकाळ-संध्याकाळ मी शिकवीन. खर्चाचं तिच्या बापाने मनात आणायचं नाही. म्हणाल्या, "असो कान हांवें धा वर्सांनी पळयला." दहा वर्षांनी असा कान बघितला म्हणे. मग म्हणाल्या की हात अजून मऊ आहे, चूक निघेल, दोन वर्षांनी नाही निघणार. एप्रिलअखेर सांगा.

चूक म्हणाल्या. माझा अपमान करायचा हेतू नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, बापाशी बोलतो. फोन ठेवला तर दीपिका दारात. "कोणाचो फोन?" मी खरं ते सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवान बगल्यान हो पोरीकडे," म्हणाली. ती कधी कधी फार लवकर हुरळते.

१४ जानेवारी

संक्रांत. अक्षया तीळगूळ घेऊन आली होती. पाया पडली. तिला काही सांगितलं नाही. दहावीची परीक्षा तोंडावर आहे, डोक्यात दुसरं काही घालणं बरं नव्हे. गणपतलाही सांगितलं नाही, त्याच्या पोटात तीळ भिजायचा नाही. परीक्षा झाल्यावर बघू.

दीपिका विचारत होती, सांगितलंत का? तिलाही हेच सांगितलं. "बरां," म्हणाली, पण भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

२० मार्च

परीक्षा सोमवारी संपली. आज बाईंचा पुन्हा फोन आला. मी शाळेत होतो आणि मोबाइल घरी विसरलेला. दीपिकाने उचलला. झालं! संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तर म्हणते, "ती बाई म्हणाली, अडीच म्हयने झाले, घरच्यांनी काय सांगल्यानी? मी काय सांगू तिका? तुमी अजून सांगूकच नाय ता सांगू?"

मी म्हटलं, विसरलो. ती म्हणाली, "तुमी शाळेतल्या नळ्यो मोजूक कदी इसरणास नाय."

रविवारी गणपतकडे जातो म्हणून कबूल केलंय.

२३ मार्च, रविवार

गणपत घरी नव्हता. मागच्या भरडावर, काजूच्या बागेत, नवरा-बायको बी गोळा करत होती. सगळीकडे पिकलेल्या बोंडांचा वास. रानहत्तींनी केळीची बाग मोडल्यापासून आता यांचं सगळं काजूवरच. सीतावहिनींनी ओच्यातल्या बिया टोपलीत ओतल्या आणि मला बसायला गोणपाट घातलं.

मी सगळं सांगितलं. अगदी सगळं, काही लपवलं नाही. गणपत बोंडूची बी पिळून काढता काढता थांबला. मग बायकोला म्हणाला, "आयकलंस गो?" ती आधीच रडत होती.

"सर, माका ह्यातला काय कळता?" गणपत म्हणाला. "मी कधी मडगावसुद्धा बगूक नाय. तुमी म्हणशात ता खरां. पण इतक्या मोठ्या गोष्टीक देवीचो कौल घेतल्याशिवाय कसां जमतला? आणि पोरीक आताच सांगा नको. आशा लावन मगे नाय म्हणूचां लागला तर तिचो जीव जायत."

मीपण म्हटलं, नको सांगूया.

परत येताना अक्षया वाटेत भेटली, सुट्टी म्हणून मोकळी फिरत होती. "सर, तुमी आमच्याकडे? मी तर हंय आसंय!" म्हटलं, काजूचा भाव विचारायला गेलो होतो.

२६ मार्च

सातेरीच्या देवळात सकाळी कौल झाला. मला या गोष्टींवर विश्वास नाही. विज्ञान प्रयोगशाळेत नोकरी करतो, पाषाणाला चिकटवलेली पाकळी कशामुळे सुटते ते मला ठाऊक आहे. तरी गेलो, कारण गणपत म्हणाला, "सर, शिवा गुरवाक तुमीच नीट समजावन सांगा. माझ्या तोंडात गोष्ट येवची नाय."

मी सांगितली. शिवाने देवीला अंघोळ घातली, दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, मी सांगितलं होतं तसंच: "बा देवी सातेरी, ह्या तुझा लेकरू घर सोडून परमुलखात, परक्या माणसांच्या, परक्या धर्माच्या घरात दोन वर्सां ऱ्हवाक जातला. आईबापाच्या नजरेआड जातला. तां योग्य असात तर उजवो दी, नसात तर डावो दी, म्हाराजा!" गणपत आणि वहिनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणाली.

यात खोटं काय आहे? परमुलूख आहेच. घर परकं आहेच. गिटारीचं सांगायचं राहून गेलं, पण देवीला गिटार काय कळणार?

पाकळ्या हलेनात. अर्धा तास झाला असेल. माझी नजर डाव्या पाकळीवर होती. कबूल करतो, डावीवर होती. मी नास्तिक माणूस तिला मनातून ढकलत होतो.

उजवी पडली.

वहिनींनी देवळाच्या पायरीवर डोकं टेकलं. गणपतचं तोंड उजळलं आणि लगेच काळजीने उतरलं. आम्ही दोघं बाहेर पारावर बसलो. तो म्हणाला, "देवीन सांगल्यान म्हणजे झाला. पण सर, तुमी माका एक खरां सांगा. देवी दगडातली, तुमी माणसातले. तुमचां चेडू असतां, तर तुमी धाडलां असतां?"

माझी मुलगी असती तर. समोर वहिनी प्रसादाचा नारळ पदरात बांधत होत्या.

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. आणखी एक शब्द बोललो नाही. बाई वाईट आहे म्हटलं नाही, गाव वाईट आहे म्हटलं नाही. गणपतने मान हलवली. पुन्हा हलवली. "मगे नको," म्हणाला. "तुमी आसास थंय तिका काय कमी आसा?"

२७ मार्च

परेरा बाईंना फोन केला. बाप तयार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "आनी चेडवाक? ताका विचारलें?"

मी म्हटलं, हो, विचारलं. तिचीही इच्छा नाही.

"बरें," म्हणाल्या. तोच म्हापशातला 'बरें'. मग म्हणाल्या, तिला सांगा, अंगठा मागे ठेव, रोज अर्धा तास भिंतीला पाठ लावून बस, निदान तेवढं तरी करा.

आम्हाला मूल नाही. वीस वर्षं झाली लग्नाला. तेव्हा मी धाडलं असतं की नसतं हे कोण ठरवणार? मुलगी असती तर कदाचित खरंच जीव झाला नसता. बापाची माया वेगळी असते, लोक म्हणतात. माझा 'नाही' खरासुद्धा असू शकतो.

४ एप्रिल

दीपिका आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते. पारावरचं सगळं तिला वहिनींकडून कळलं. मी विचारलं, माझं काय चुकलं सांग. म्हणाली, "माझ्या पोटाक पोर असतां तर तुमी काय केलां असतां, ता तुमी परक्या माणसाक सांगितलास. माका कधी इचारलास?"

हे मधेच कुठून काढलं कळत नाही. विषय अक्षयाचा होता. अंगणवाडीत तिला काम वाढलंय, पोषण आहाराच्या नव्या नोंदी आल्यात. दमते. बायकांचं मन त्या गोष्टीवर हळवं असतं.

गिटार खाली काढली. वाजवून बघितली. थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पाच महिन्यांनी पहिल्यांदा वाजवताना कुणी वरून बघत नाहीये असं वाटलं.

१३ मे

दहावीचा निकाल. अक्षया ८१ टक्के. पेढे घेऊन आली, इथेच अकरावीला जाणार म्हणाली. मी म्हटलं, शाबास. बाईंचा निरोप सांगायचा होता, भिंतीला पाठ लावून बसण्याचा. पण तो सांगायचा तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

पोरगी जराशी उतरलेली दिसली. उन्हाने असेल.

१ जून, रविवार

क्लास घेतला. आता मीही वाजवतो पोरांबरोबर. अक्षया मागच्या दोन रविवारी आली नव्हती, पोटात दुखत होतं म्हणे. आज आली. डोळे सुजलेले. पण वाजवायला बसली ती अशी की बाकीची पोरं आपलं थांबवून ऐकत राहिली. काय हात आहे! मी मधे मधे "वा" म्हणत होतो. मला आता त्रास होत नाही तिचं ऐकून. बाईंचं ऐकून झाला तसा मुळीच नाही.

का होत नाही याचा विचार करू लागलो आणि सोडून दिला.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. आज लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

दुपारी नऊ पोरं आली. पडवीत सतरंजी घातली, दीपिकाने शिरा केला होता. पोरांनी मला पाटावर बसवलं, पायांवर फुलं वाहिली. गणपत आणि वहिनीही आले होते, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. मग अक्षया म्हणाली, "मी एक बसवलंय. सरांसाठी."

माझीच चाल होती. मी पंचविशीत केलेली, पहिल्या वर्षी सगळ्या पोरांना शिकवतो ती. तिने ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. माझ्यासारखी. अगदी माझ्यासारखी. मी जिथे घाई करतो तिथे घाई, तिसऱ्या ओळीत माझी तार जराशी घुसमटते तिथे तशीच घुसमटवलेली, अंगठा वरून करकचून आवळलेला आणि करंगळी बाजूला उभी. तिला याहून चांगलं येतं. मी स्वतः ऐकलंय. म्हापशाहून आल्यावर आठवडाभर तिने अंगठा मागे घेतला होता आणि त्या रविवारी क्लास सुरू होण्याआधी पडवीत त्या करंगळीतून जो सूर निघाला तो मी दाराआडून ऐकलाय. तो तिने मोडून काढलाय. मेहनतीने मोडलाय, ते दिसत होतं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. गणपत डोळे पुसत म्हणाला, "सरांचोच हात रे! डोळे मिटले तर सरच वाजवतत."

शिरा वाटून झाला, पोरं अंगणात गेली. अक्षया माझ्यासमोर बसून राहिली. म्हणाली, "सर, एक सांगू? रागावशात नाय मां?"

म्हटलं, सांग.

"बाबांनी माका सगळां सांगल्यानी. मे म्हयन्यात. परेरा बाईंचां, देवीन उजवो दिल्यान तां. मी खूप रडलंय सर. दोन दिवस जेवाक नाय. बाबांका वाटेल तां बोललंय. तुमचो पण राग इलो, खोटां कशाक सांगू? क्लासाक येवचांच नाय असां ठरवलंय." ती थांबली. हाताने सतरंजीची दशी ओढत होती. "मगे बाबांनी सांगल्यानी, सर काय म्हणाले तां. तुमचां चेडू असतां तर तुमी धाडलां नसतां."

मी पायांवरची फुलं गोळा करू लागलो.

"इतकी वर्सां मी तुमच्याकडे येतंय. तुमी माका पोरगी मानतास, ह्या माका म्हायतच नव्हतां सर. तुमचो माझ्यावर इतको जीव आसा. आणि मी तुमचो राग करी होतंय." ती आता हसत होती आणि गालावरून पाणी चाललं होतं. "आता मी खंय जावचंय नाय. तुमी वाजवतास तसांच वाजवतलंय, दुसऱ्या कोणासारखां नको माका. बरां मां सर?"

दीपिका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे तिथेच खाली जमिनीवर ठेवला आणि आत गेली.

अक्षया माझ्या उत्तराची वाट बघत होती. गणपतही बघत होता, वहिनीही.

"बरां," मी म्हटलं.

तिने पुन्हा माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि चहा घ्यायला उठली.